पांढऱ्या पेशी पोहोचायच्या आधी साधी पेशी विषाणूशी एकटी लढू शकते का?

हो, लढते. बहुतेक वेळा पांढऱ्या पेशींपर्यंत खबरही तीच पोहोचवते. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याची कृती वाहून नेणाऱ्या रेणूच्या) टोकाला रासायनिक टोपी असते. फ्लूसारख्या विषाणूंच्या जनुकीय आरएनएच्या टोकाला ती नसते. पेशीतलं रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं हे बोडकं टोक पकडतं, आणि पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन बाहेर सोडू लागते. शेजारच्या पेशी तेवढ्यावर सावध होतात. पीकेआर हे दुसरं प्रथिन तर विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं. विषाणूला फुकटचा कारखाना मिळत नाही, पण पेशीचीही उपासमार होते. प्रसंगी ती मरूनही जाते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्यातला द्रव ताज्या तुकड्यांना दिला, तर त्यांच्यावर जिवंत विषाणूचं फारसं चालेना. इंटरफेरॉनचा शोध तो हाच.

जिवाणूंसाठी वेगळी तऱ्हा आहे: पेशीत शिरलेला साल्मोनेला ज्या पिशवीत असतो तिच्यातून निसटून पेशीद्रवात आला की त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचे ठप्पे बसतात, मग पेशी त्याला पडद्यात गुंडाळून पचवते. बुरशीच्या बाबतीत मात्र मुख्य भार पांढऱ्या पेशींवरच.

एक लक्षात घ्या, समोरचाही गप्प बसत नाही. फ्लूचं एनएस-१ प्रथिन दुपदरी आरएनए झाकून ठेवतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा इशारा उशिरा आणि क्षीण जातो.