आयर्लंडच्या खेड्यांत लोक अजूनही परी-बिरी मानतात का? तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

तोंडावर विचारलंत तर कुणीच ‘हो’ म्हणणार नाही.

मी क्लेअर काउंटीच्या पूर्व भागात राहते, सासर इथलंच. सासरे पक्के हिशेबी शेतकरी. दुधाचा भाव, युरोपियन अनुदान, सगळं तोंडपाठ. पण वरच्या शेतात मातीचा एक जुना गोल बांध आहे, हजारेक वर्षांपूर्वीच्या वस्तीचा. इथे त्याला ‘फोर्ट’ म्हणतात, आणि ती पऱ्यांची जागा मानतात. सायलेजचं, म्हणजे गुरांसाठी मुरवून साठवायचं गवत कापताना ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जातो, आणि आतल्या व्हाइटथॉर्नच्या काटेरी झाडाची फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. अशा जागांना कायद्याचं संरक्षण आहेच, पण सासऱ्यांना काळजी कायद्याची नाही. ‘कशाला उगाच?’ एवढंच म्हणतात. मे महिन्यात त्या झाडाला पांढरा फुलोरा येतो, तो घरात आणायचा नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं.

१९९९ साली लॅटूनजवळ नव्या महामार्गाच्या वाटेत असंच एक झाड येत होतं. तिथे मन्स्टर प्रांताच्या पऱ्या शेजारच्या कॉनाक्ट प्रांताच्या पऱ्यांशी लढायला जाताना जमतात, असं सांगत एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला. झाड वाचलं. २००२ मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र बिडी अर्लीची. फीकलजवळची ही वैदू बाई निळ्या बाटलीत बघून भविष्य सांगायची म्हणे. १९१४ नंतर क्लेअरला थेट १९९५ मध्ये हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळालं, आणि मधल्या जेतेपदाच्या दुष्काळाचं खापर लोकांनी तिच्या शापावर फोडलं. बाई वारली १८७४ मध्ये, खेळाची संघटना निघाली १८८४ मध्ये! पबमध्ये हा हिशोब मांडून बघा, कुणी ऐकून घेत नाही.

बाकी रोजचं म्हणाल तर गुरं, पाऊस आणि शेजारी. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा ओळखीचा असो-नसो, स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचलायचं. सकाळी स्थानिक रेडिओवर निधनवार्ता लागल्या की घरात सगळे गप्प. मयताच्या घरी रात्री गाव लोटतं. रांगेने हात मिळवत ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा घ्यायचा. सँडविच शेजारणींनी आधीच आणून ठेवलेले असतात.