चित्रकाराने लिहावे कशासाठी?

प्रश्न : मी कला महाविद्यालयात रंगकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा आम्हाला आठवड्यातून एक तास लेखनाचा ठेवला आहे. चित्रच सारे सांगत असताना चित्रकाराने लिहावे कशासाठी? प्रदर्शनाच्या निवेदनापुरते लेखन शेवटच्या वर्षी शिकवले तर पुरणार नाही का?

उत्तर : शेवटच्या वर्षी घाईने लिहिलेली निवेदने मी बरीच वाचली आहेत. ‘अस्तित्वाचा शोध’, ‘अवकाशाशी संवाद’ असे शब्द त्यांत हटकून येतात आणि ते कोणत्याही चित्राखाली चिकटवता येतात. तुमचा तास आधीपासून ठेवला आहे, हे चांगलेच झाले. तो एकच आहे, याचे मला वाईट वाटते.

माझ्या वर्गात मी टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवतो. २० मिनिटे रेखाटन करायचे, मग २० मिनिटे त्याच तांब्याविषयी लिहायचे, आणि ‘सुंदर’, ‘चकचकीत’ ही विशेषणे वापरायची नाहीत. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, की खिडकीचे गज तांब्याच्या पोटावर फुगतात, गळ्याकडे जाताना बारीक होतात आणि पोचा आला आहे तिथे तुटतात. लिहून झाल्यावर तिने आपले रेखाटन पाहिले, तर त्यात पोचा नव्हताच! तिने काही न बोलता खोडरबर उचलले.

म्हणून लेखन रेखाटनासारखेच, वस्तूसमोर बसून आणि पुन्हापुन्हा करून शिकवावे, कागद भिंतीवर लावून त्यावर सर्वांनी बोलावे, आणि विद्यार्थी अहिराणीत किंवा मालवणीत लिहू लागला तर त्याला अडवू नये, कारण शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार हे कळताच तो पाहिलेले सोडून पाठ असलेले लिहू लागतो.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले प्रभाकर बरवे आयुष्यभर डायऱ्या लिहीत राहिले. त्यांत रेखाटने आणि टिपणे शेजारीशेजारी आहेत. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० साली आले, ते अवश्य वाचा. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख कलेतिहास शिकवत, चित्रे काढत आणि गुजरातीत कविताही लिहीत. १९६९ साली त्यांनी भूपेन खख्खर यांच्यासह ‘वृश्चिक’ हे नियतकालिक सुरू केले. या तिघांचीही चित्रे बोलकी होती, तरीही त्यांना लिहावेसे वाटले.

तुमच्या स्केचबुकाचे डावे पान आजपासून लेखनासाठी मोकळे सोडा. पहिला महिनाभर तारीख, वेळ आणि समोर काय दिसते, एवढेच लिहा.