वाचकांचे प्रश्न : स्पीडमास्टर घ्यायचे, पण कोणते?

प्रश्न : ओमेगाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनल या घड्याळासाठी मी बरीच वर्षे पैसे साठवत आलो आहे. आता घ्यायची वेळ आली, तेव्हा निवड हेसलाइट या प्लास्टिकच्या काचेचे मॉडेल आणि सफायर या कृत्रिम नीलमाच्या काचेचे मॉडेल यांत अडकली आहे. सफायरचे मॉडेल महाग आहे आणि त्याच्या काचेवर चरे पडत नाहीत, म्हणून ओळखीचे सगळे तेच घ्यायला सांगतात; माझे मन मात्र हेसलाइटकडे ओढते. रोजच्या वापरात माझे हे एकच घड्याळ असेल. काम टेबलावरचे आहे, मनगटाचा घेर साडेसोळा सेंटिमीटर आहे आणि मी नियमित पोहायला जातो. मी कोणते घ्यावे?

उत्तर : आपले मन ज्याच्याकडे ओढते तेच, म्हणजे हेसलाइटचे मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या परिचितांचे म्हणणेही चुकीचे नाही.

पहिली गोष्ट ही की, दोन्ही घड्याळांचे यंत्र एकच आहे. जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आलेल्या या पिढीत ३८६१ हे चावी देऊन चालणारे यंत्र बसवलेले आहे. त्यात को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट (चाकांची गती आवरणारा भाग) आणि सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (वेळेचा ठेका राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) आहे, पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे ५० तास चालते, आणि मास्टर क्रोनोमीटर या अचूकतेच्या प्रमाणपत्रानुसार दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे जाण्याची मुभा त्याला आहे. १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्राचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. लॅपटॉप, स्पीकर आणि चुंबकी झाकणांच्या सहवासात दिवस घालवणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. तेव्हा जास्त पैसे मोजले म्हणजे वेळ अधिक अचूक मिळेल, हा विचार मनातून काढून टाकावा.

मग फरक उरतो तो काचेचा, आणि काचेच्या मागोमाग येणाऱ्या काही गोष्टींचा. हेसलाइट म्हणजे एक प्रकारचे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक. त्यावर चरे सहज पडतात, अगदी दाराच्या कडीला हात घासला तरी पडतात. पण पॉलिशची पेस्ट मऊ कापडावर घेऊन ते चरे काही मिनिटे घासले की निघून जातात, आणि हे काम घरी करता येते. खोल चरा गेला नाही तर काच बदलता येते, आणि त्याचा खर्च सफायर काच बदलण्यापेक्षा बराच कमी असतो. सफायरचे उलट आहे. कठीणपणाच्या मोह्स मापावर तिचा क्रमांक ९ आहे, त्यामुळे रोजच्या वापरात तिच्यावर ओरखडा उमटणे जवळजवळ अशक्य असते. पण फरशीवर काठ आपटून टवका उडाला, तर तो घासून जात नाही, काचच बदलावी लागते.

हेसलाइटच्या बाजूने इतिहासही आहे. स्पीडमास्टर १९५७ मध्ये मोटार शर्यतींसाठी आले, आणि वेग मोजण्याची टॅकिमीटर पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेणारे ते पहिले मनगटी क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ) ठरले. नासाने कडक चाचण्यांनंतर मार्च १९६५ मध्ये त्याला अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवले, तेव्हा त्यावर प्लास्टिकचीच काच होती. साध्या काचेचे फुटून तुकडे होतात आणि वजनरहित अवस्थेत असे तुकडे यानात तरंगत राहणे धोक्याचे. अ‍ॅक्रिलिकला फार तर तडा जातो. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन हे घड्याळ बांधून चंद्रावर उतरले. नील आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ चांद्रयानातच ठेवले होते, कारण यानातील इलेक्ट्रॉनिक टायमर बंद पडला होता. हेसलाइटच्या मॉडेलचे मागचे झाकण बंद पोलादी असते आणि त्यावर याच इतिहासाचा मजकूर कोरलेला असतो.

सफायरच्या मॉडेलचे झाकण मात्र पारदर्शक असते. त्यातून दिसणारे ३८६१ यंत्र खरोखर देखणे आहे, आणि चावी देताना ते उलटून पाहण्याचा आनंद ज्यांना हवा असेल त्यांनी सफायरच घ्यावे; या एका कारणासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला पूर्णपणे पटते. त्या मॉडेलवर ओमेगाचे चिन्ह तबकडीवर वेगळे बसवलेले असते, तर हेसलाइटवर ते छापलेले असते. सफायरच्या साखळीत चकचकीत कड्याही असतात. हेसलाइटची साखळी मंद, घासलेल्या पोताची असते. मात्र सफायरच्या फुगीर काचेच्या कडेला, तिरके पाहिले की, दुधी रंगाचे वलय दिसते. काहींचे तिकडे लक्षही जात नाही, काहींना ते एकदा दिसले की सारखे तेच दिसत राहते. हेसलाइटच्या काठाशी तबकडीवरचे आकडे किंचित वाकून ताणल्यासारखे दिसतात, आणि तिच्यावरची प्रकाशाची झाक अधिक उबदार असते. या गोष्टी छायाचित्रात कळत नाहीत. दोन्ही घड्याळे दुकानात खिडकीजवळच्या उजेडात हातावर बांधूनच पाहावीत.

आपल्या मनगटाची चिंता नको. केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) ४२ मिलिमीटरचे म्हटले जाते, पण लगच्या (साखळी जिथे जोडली जाते त्या शिंगांच्या) टोकापासून टोकापर्यंतची लांबी ४७-४८ मिलिमीटरच आहे, आणि तबकडीभोवती रुंद काळे कडे असल्यामुळे घड्याळ सांगितलेल्या मापापेक्षा लहान भासते. जाडीत हेसलाइट सुमारे १३.६ आणि सफायर सुमारे १३.२ मिलिमीटर आहे. एवढा फरक हाताला जाणवणार नाही.

पोहण्याबाबत मात्र सावध करतो. दोन्ही मॉडेल ५० मीटरपर्यंत जलरोधक आहेत, परंतु त्यांची बटणे स्क्रूने बंद होणारी नाहीत आणि क्रोनोग्राफची बटणे पाण्यात दाबायची नसतात. पावसाने किंवा हात धुताना काही होत नाही. पोहायला जाताना ते कपाटात ठेवावे, किंवा पोहण्यासाठी एखादे साधे क्वार्ट्झ घड्याळ वेगळे ठेवावे.

प्रश्न : पांढऱ्या तबकडीचे स्पीडमास्टर मला फार आवडले आहे, पण खरे मूनवॉच (चंद्रावर गेल्यामुळे स्पीडमास्टरला मिळालेले नाव) काळ्या तबकडीचेच, असे सांगून मला परावृत्त केले जाते. काय करावे?

उत्तर : आवडले असेल तर अवश्य घ्यावे. २०२४ मध्ये आलेल्या या मॉडेलची तबकडी चकाकत्या लाखेची आहे, काटे आणि खुणा काळ्या आहेत, आणि स्पीडमास्टर हे नाव व मधल्या सेकंद काट्याचे टोक लाल आहे. यंत्र तेच ३८६१, काच सफायरची. उजेडात ते उत्तम वाचता येते. चंद्रावर गेलेल्या घड्याळाची आठवण हाच आपला हेतू असेल तर काळी तबकडी घ्यावी. तसा हेतू नसेल, तर इतरांनी ठरवलेला खरेपणा आपण का सांभाळावा?

प्रश्न : नव्याची किंमत परवडत नाही. आधीच्या पिढीचे, म्हणजे १८६१ यंत्राचे वापरलेले स्पीडमास्टर घेतले तर पश्चात्ताप होईल का?

उत्तर : घड्याळ चांगल्या स्थितीत असेल तर मुळीच होणार नाही. १८६१ हे साधे, दणकट यंत्र आहे आणि कुशल घड्याळजींना त्याची चांगली ओळख आहे. नव्याशी तुलना करता दोन गोष्टी रोज जाणवतील. पहिली अशी की, चावीचे बटण ओढले तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाबरहुकूम वेळ लावता येत नाही. दुसरी म्हणजे साखळी, जी २० मिलिमीटरवरून १८ पर्यंतच निमुळती होते आणि मनगटाखाली जड वाटते. नवी १५ पर्यंत येते आणि फार सुखद आहे. चुंबकीय क्षेत्रापासूनचे संरक्षणही जुन्यात नव्याइतके नाही.

विकत घेताना लगच्या वळणदार कडा बारकाईने पाहाव्यात. वारंवार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या या कडा गोलसर, बोथट झालेल्या असतात, आणि झिजलेले पोलाद परत येत नाही. हेसलाइटवरच्या चऱ्यांकडे मात्र दुर्लक्ष करावे. त्यानंतर क्रोनोग्राफ चालू करून तो पूर्ण तासभर चालू द्यावा, मिनिटांचा आणि तासांचा छोटा काटा नीट पुढे सरकतो का हे तपासावे, आणि मग शून्यावर आणावा. तिन्ही काटे नेमके आपल्या रेषेवर येऊन थांबले पाहिजेत. शेवटचे सर्व्हिसिंग कधी झाले याचा कागद विक्रेत्याकडे नसेल, तर ते झालेले नाही असे धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.