'लाभांची वसुली' नक्की कोणाकडून?

प्रश्न असा आलाय की ब्रिटनमधल्या एका खटल्याच्या मराठी सारांशात 'लाभांच्या वसुलीमुळे विमा कंपन्यांच्या मालमत्ता हक्कावर गदा' असं लिहिलंय, पण लाभ तर आजारी कामगाराने घेतले, मग वसुली त्याच्याकडून व्हायला हवी ना, आणि त्यात विमा कंपनीची कुठली मालमत्ता गेली?

घोळ 'वसुली'पाशीच सुरू होतो. आपल्याकडे वसुली म्हटलं की ज्याने घेतलं त्याच्याकडून परत काढायचं असंच डोक्यात येतं, कर्जाची वसुली, थकबाकीची वसुली. ब्रिटनच्या १९९७ च्या कायद्यात तसं नाहीये. कामगार आजारी पडला की सरकार भत्ता देतं आणि पुढे मालकाच्या चुकीबद्दल नुकसानभरपाई ठरली की त्या भत्त्याची रक्कम सरकार भरपाई देणाऱ्याकडून, म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या विमा कंपनीकडून घेतं. ही झाली वसुली. मग कंपनी तेवढी रक्कम कामगाराच्या भरपाईतून कापते, ती वजावट. या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि एकाच शब्दात कोंबल्या की अर्थ जातो.

समजा बुडालेल्या पगारापोटी १०,००० पौंड ठरले आणि त्याच कारणासाठी भत्ता ६,००० मिळाला होता, तर कंपनी सरकारला ६,००० देणार, कामगाराला ४,०००. वेदनेबद्दलच्या भरपाईला मात्र हात लावता येत नाही. आता निम्मी चूक कामगाराचीच ठरली तर पगाराची भरपाई ५,००० वर येते, तरी सरकारचे ६,००० पूर्ण द्यावेच लागतात, वजावट ५,००० च्या वर जात नाही, उरलेले १,००० कंपनीच्या खिशातून. इथे वसुली ६,००० आणि वजावट ५,०००, म्हणून म्हणतो की दोन शब्द वेगळे ठेवा.

आता 'मालमत्ता'. माल आणि मत्ता दोन्ही मूळ अरबी, अर्थ चीजवस्तू, पण मालमत्ता कर भरून भरून आपल्याला फ्लॅट आणि प्लॉटच दिसतात. युरोपीय मानवी हक्क करारात मालमत्तेत पैसाही येतो, आणि कायद्याने कंपनीवर नवीन देणं लादलं तर हक्काचा प्रश्न उभा राहतो. ॲस्बेस्टॉसच्या आजारांवरून हे बरेचदा झालंय, कारण पॉलिसी दिली त्यानंतर कितीतरी दशकांनी आजार दिसतो. ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाच्या आवरणावर डाग पडले तरी भरपाई मागता येईल, अशा स्कॉटलंडच्या २००९ च्या कायद्याविरुद्ध विमा कंपन्या कोर्टात गेल्या, २०११ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की हा मालमत्तेचाच प्रश्न आहे पण कायदा योग्य ठरवला. वेल्सला अशा रुग्णांचा सरकारी इलाजाचा खर्च कंपन्यांकडून घ्यायचा होता, ते विधेयक २०१५ मध्ये त्याच कोर्टात अडलं. भत्त्यांच्या वसुलीवरही अविवा वगैरे कंपन्या कोर्टात गेल्या, २०२० मध्ये हायकोर्टात त्यांना थोडं यश आलं, २०२२ मध्ये अपील कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा 'मालमत्ता हक्क' बरोबर आहे, बदलू नका, फक्त एकदा 'म्हणजे कंपनीचा पैसा' असं सांगून टाका.

'लाभ' मात्र मी काढेन. सरकारी योजनेच्या संदर्भात तो चालतो, पण विमा कंपनीच्या शेजारी ठेवला की लोक नफा असंच वाचतात, तिथे साधा 'भत्ता' बरा. वाक्य असं करता येईल: 'सरकारी भत्त्यांची रक्कम विमा कंपन्यांकडून वसूल केल्याने त्यांच्या मालमत्ता हक्कावर गदा'. लांब आहे खरं, पण कोण कोणाकडून घेतंय ते कळतं.

आणि हेच शब्द आपल्या निकालांना लावताना जरा सांभाळून. १९९८ मध्ये आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या अपघाताच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मृताच्या आयुर्विम्याचे पैसे नुकसानभरपाईतून कापायचे नाहीत. तिथे सरकार कोणाकडून काही परत मागत नव्हतं, प्रश्न निव्वळ वजावटीचा होता, त्यामुळे त्याला 'वसुली नाकारली' असं लिहिणं चूक.