आईला कॉमिक कळत का नाही?

प्रश्न : माझी आई रोज अख्खा पेपर वाचते, पण नातवाचं कॉमिक हातात घेतलं की म्हणते, कुठून कुठे जायचं तेच समजत नाही बाई. चित्रं तर सगळ्यांनाच कळतात ना?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही हो, तेही शिकावंच लागतं, भाषेसारखं. एका चौकटीत मांजर फळीवर, पुढच्या चौकटीत खाली फुटलेली बरणी, आता ढकललं कुणी ते काढलेलंच नसतं, मधल्या पांढऱ्या पट्टीत ते आपण मनानेच भरतो, अमेरिकन कॉमिककार स्कॉट मॅक्लाउडने कॉमिक्सवरच्या १९९३ च्या पुस्तकात यालाच क्लोजर म्हटलंय. ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं, हेही कुणीतरी सांगितल्याशिवाय कसं कळणार? जपानी कॉमिक, म्हणजे मांगा, तर उजवीकडून डावीकडे वाचायचा, मी पहिला मांगा शेवटापासूनच वाचला होता! आईंना नातवाशेजारी बसवा, त्याला बोट फिरवत वाचू दे.