आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉल एवढं लोकप्रिय होतंय, पण त्याला पुढे भविष्य आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ही लोकप्रियता टिकेल का, आणि धुळ्यात आठवीत शिकणाऱ्या तुमच्या पुतणीने फुटबॉलसाठी वेळ द्यावा का. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलींचा संघ मीच तयार करते. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जास्त लिहिणार आहे.

आधी पहिला. बायकांचं फुटबॉल बघायला लोक आत्ता यायला लागले, असं नाही. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या संघाचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. एका कारखान्यात कामाला असलेल्या बायकांनी उभा केलेला हा संघ. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांसाठी मैदानं देण्याची मनाई केली. ती मनाई जवळजवळ 50 वर्षं राहिली. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत बायकांनी फुटबॉल खेळायला सरकारचीच बंदी होती. फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, पहिला महिला विश्वचषक भरवला तो 1991 मध्ये, चीनमध्ये. 12 संघ होते आणि सामने 90 नाही, 80 मिनिटांचे. बायकांना पूर्ण वेळ झेपेल का, अशी शंका तेव्हाही घेतली जात होती. हे मुलींना सांगताना मला अजून राग येतो.

अडवणूक संपल्यावर काय झालं ते आकड्यांत दिसतं. 2022 मध्ये बार्सिलोना आणि वुल्फ्सबर्ग या महिला संघांच्या सामन्याला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर 91,648 प्रेक्षक होते. 2023 च्या विश्वचषकात 32 संघ खेळले, सगळे सामने मिळून जवळपास 20 लाख लोकांनी मैदानात बसून पाहिले. 2027 ची स्पर्धा त्याच ब्राझीलमध्ये आहे आणि 2031 ला संघ 48 होणार आहेत. पैशात फरक अजून मोठा आहे: 2023 ला महिलांच्या बक्षिसांची रक्कम 11 कोटी डॉलर होती, तर आदल्या वर्षी पुरुषांची 44 कोटी. तरीही हा खेळ आता मागे फिरणार नाही, याची मला खात्री आहे.

माझी खात्री मात्र या गर्दीवरून आलेली नाही. मी एकच गोष्ट बघते: त्या देशातल्या चौदा वर्षांच्या मुलीला वर्षभरात किती सामने मिळतात? स्पेनने 2023 चा विश्वचषक जिंकला, पण त्याआधी त्यांच्या मुलींनी 17 वर्षांखालचा विश्वचषक 2018 आणि 2022 असा दोनदा घेतला होता. 2022 चा अंतिम सामना तर आपल्या नवी मुंबईत झाला. त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेली विकी लोपेझ 2025 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, स्पेनच्या मोठ्या संघात होती. इंग्लंडच्या खेळाडूंनी 2022 मध्ये युरो जिंकल्यावर काही दिवसांतच सरकारला खुलं पत्र लिहिलं. मागणी काय, तर शाळेच्या पीटीच्या तासाला प्रत्येक मुलीला फुटबॉल खेळता आलं पाहिजे, कारण ती सोय तेव्हा 63 टक्के मुलींनाच होती. विजयाच्या आनंदात त्यांना शाळेतल्या पोरी आठवल्या, हे मला कपापेक्षा मोठं वाटलं. पुढच्या वर्षी सरकारने ती मागणी मान्यही केली.

आता आपल्याकडे या. भारताच्या मुली 1983 साली आशियाई फुटबॉल चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या. पुढे सामनेच इतके कमी झाले की 2009 मध्ये, दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे, फिफाच्या क्रमवारीतून आपलं नाव काढलं गेलं. मुली होत्या, त्यांना खेळवणारं कुणी नव्हतं. 5 जुलै 2025 ला चियांग माईत याच मुलींच्या पुढच्या पिढीने थायलंडला त्यांच्या घरी 2-1 हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयाने भारत पहिल्यांदा पात्रता फेरीतून आशियाई चषकात गेला. त्या रात्री माझ्या फोनवर संघातल्या मुलींचे मेसेज थांबत नव्हते. पण आपल्या इंडियन विमेन्स लीगच्या 2024-25 च्या हंगामात 8 संघ होते, म्हणजे एका संघाला 14 सामने. त्याच हंगामात इंग्लंडच्या लीगमध्ये प्रत्येक संघ 22 सामने खेळला, शिवाय कपचे वेगळे.

आणि खानदेशातल्या शाळकरी मुलीला? शाळांसाठीच्या सुब्रतो मुखर्जी फुटबॉल स्पर्धेत 17 वर्षांखालील मुलींचा गट असतो. जिल्हा पातळीवर सामने बाद पद्धतीने होतात. पहिला हरला की त्या मुलीचं वर्ष संपलं. महिनोन् महिने सराव करून एक सामना! तोही पावसाळ्यात. आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच मैदानाला भेगा पडतात. मे महिन्यात सकाळी सातनंतर सराव घेता येत नाही. तरी मुली येतात. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांच्या मुली विभागीय स्पर्धेत मी पाहिल्या आहेत. काय पळतात! त्यांना वर्षाला वीस सामने दिले तर त्या कुठवर जातील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी आणि आसपासच्या शाळांचे काही शिक्षक हिवाळ्यात रविवारी आपसात सामने ठेवतो. कप नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. सात-सात जणींचे संघ, चुन्याच्या रेघा, आणि हरलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा सामना. मुलींच्या खेळात जो फरक पडतो तो यानेच पडतो. बॉल पायात आल्यावर घाबरून लांब मारून देणारी मुलगी डिसेंबरपर्यंत मान वर करून पास शोधायला लागते.

घरच्यांची भीती मी रोज ऐकते. एका मुलीच्या आजीने मला सरळ विचारलं, “पाय मोडी गया तं लगीन कोन करी?” मी आजींवर चिडले नाही, कारण दुखापतीचा धोका खरा आहे. गुडघ्यातला एसीएल हा हाडांना जोडणारा अस्थिबंध (लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. स्पेनची अलेक्सिया पुतेयास याच दुखापतीमुळे 2022 ची युरो स्पर्धा खेळू शकली नाही, आणि पुढच्या वर्षी विश्वविजेत्या संघात होती. यावर उपाय आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे: धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. साधनं लागत नाहीत, आणि नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. पुतणीच्या सरांना हा वॉर्मअप घेता का, असं नक्की विचारा. दोन फेऱ्या मारून थेट सामना सुरू करत असतील तर आग्रह धरा. कपड्यांवरून घरात कुरबुर असेल तर शॉर्टखाली लेगिंग्ज घालू द्या, आमच्याकडे सगळ्याच घालतात. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली.

पोटापाण्याचं विचाराल, तर नुसत्या फुटबॉलवर जगणाऱ्या भारतीय मुली आज फार थोड्या आहेत. पंजाबच्या होशियारपूरची मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं भारतीयांमध्ये पहिल्यांदाच घडलं. पण एका मनीषावर घरचा हिशोब मांडू नका. राज्य पातळीवर पोचली तर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, ठरावीक पातळीवरच्या खेळाडूंना राज्याच्या नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलिसांतही खेळाडूंची भरती होते. त्यासाठी अभ्यास सोडायची गरज नाही. दिवसाला दीड तास पुरतो.

पुतणीला जरूर खेळू द्या. शाळेत आधी एवढंच विचारा की सुब्रतोसाठी मुलींचा संघ नोंदवता का. नसेल नोंदवत, तर अकरा मुली गोळा करून मुख्याध्यापकांना भेटा, नोंदणी जून-जुलैतच होते. आणि हिवाळ्यात त्यांना रविवारी अमळनेरला घेऊन यायची तयारी असेल तर मला इथेच मेसेज करा. धुळ्याचा संघ आला तर आमच्या मुलींनाही नवा प्रतिस्पर्धी मिळेल.