उशी काढा, मग बोलू

प्रश्न : माझ्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन साडेचार महिने झाले. वय ६७. डॉक्टर म्हणतात, एक्स-रे उत्तम आहे, जखम छान भरली आहे. मग दुखतं का? दिवस निभावतो, पण रात्री दोन-अडीचला ठणका सुरू होतो. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून तशीच निजते. गुडघा अजून गरम लागतो, बाहेरच्या बाजूला बधिर आहे, चालताना कटकट वाजतो. नणंदेचं ऑपरेशन माझ्यानंतर महिन्याने झालं, ती काठीशिवाय फिरते. मुलगा म्हणतो, तू व्यायामाचा कंटाळा करतेस. ऑपरेशन करून चुकले का? – एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ‘उशी’पाशी मी थबकले. आधी तेच.

सुजलेला सांधा किंचित वाकवून ठेवला की सैलावतो, म्हणून बरं वाटतं. पण रात्रभर तसाच राहिला की मागची बाजू आखडते आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. मग प्रत्येक पावलाला मांडीने जोर लावायचा. ती थकते, संध्याकाळी गुडघा सुजतो, रात्री ठणकतो आणि तुम्ही पुन्हा उशी घेता. ‘किती वाकतो?’ हे सगळे विचारतात, ‘किती सरळ होतो?’ हे कुणी विचारत नाही. कडक अंथरुणावर पाय लांब करून बसा आणि गुडघ्याखाली हात सरकवून बघा. दुसऱ्या पायापेक्षा इथे तो सहज जात असेल, तर चोर सापडला. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू द्या. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पहिले आठ दिवस मला शिव्या द्याल.

बावीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांच्या उशा काढून घेतल्या. माझा डावा गुडघा बदलला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मीच चादरीची गुंडाळी करून चोरून खाली सारली! सातव्या आठवड्यात एका रात्री रडलेही. जिना एकाआड एक पाय टाकत उतरायला मला नऊ महिने लागले.

गरम लागणं आणि सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. बधिरपणा येतो कारण चीर देताना त्वचेची बारीक नस कापली जाते; तो भाग आक्रसत जातो, थोडा कायमही राहतो. कटकट म्हणजे धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना टेकल्याचा आवाज. आवाजाबरोबर दुखत नसेल तर सोडून द्या. एक्स-रेचं म्हणाल, तर त्यात हाड आणि धातू दिसतो, मांडीच्या स्नायूची ताकद दिसत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात ती निम्म्याहून जास्त घटते.

मुलाला सांगा, कंटाळ्यापेक्षा अतिरेक करणारे पेशंट मी जास्त पाहिलेत. व्यायामानंतर थोडं दुखणारच. पण दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला असेल तर कमी करा. नणंदेला मात्र हिशेबातून काढा. ऑपरेशनआधी कोण किती वर्षं लंगडत होतं, यावर पुढचं बरंच ठरतं.

खोटा धीर देणार नाही. साधारण पाचांतल्या एकाला वर्षानंतरही दुखणं उरतं. पण साडेचार महिन्यांत ‘चुकले’ म्हणणं घाईचं आहे. पाय सरळ होत नसेल तर सर्जनना आत्ताच दाखवा, आणि कंबर व खुबाही तपासून घ्या. तिथलं दुखणं गुडघ्यात उतरतं. ताप, जखमेतून पाणी, पोटरी सुजून दुखणं किंवा बरं होता होता एकदम वाढलेली वेदना असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

दोन आठवड्यांनी पुन्हा पाय लांब करून बसा, आणि गुडघ्याखाली हात किती जातो ते मला कळवा.